घंगाळ, जातं आणि शेवटी मी

आमच्या ट्रॅक्टरमध्ये ताकद कमी आहे, हा शोध खुशालरावांनी लावला. तोपर्यंत आम्ही सुखी होतो.

आमचा ट्रॅक्टर काही शेत नांगरत नसे. तो विहिरीपाशी उभा असे. त्याच्या कुशीतल्या चाकावरून पंपावर पट्टा चढवायचा, पुढून हँडल मारायचं, थोडी देवाची नावं घ्यायची, थोडी दुसरी, की तो खोकत खोकत चालू होई आणि पाटाला पाणी लागे. मोठ्या लढाईच्या आधीचा विलायती जीव. कंपनीचं नाव गंजात गेलेलं. अकोल्याच्या एका बंद पडलेल्या कापूस-जिनाच्या लिलावातून ह्यांनी तो आणला, बैल विकले, मोट मोडली, आणि गावानं त्याचं नाव बुढा ठेवलं. बुढ्याच्या पाण्यावर आमची वांगी, मिरच्या आणि दसऱ्याचा झेंडू. वांगी-मिरचीवर रोजचं भागतं, झेंडूवर वर्ष निघतं. तिवस्यापासून अमरावतीपर्यंत दसऱ्याला जी दारं सजतात त्यातली काही आमच्या झेंडूनं सजतात, हा माझा एकुलता एक गर्व आहे.

तर खुशालराव. आमच्या धुऱ्याला लागून त्यांचं शेत. त्या साली त्यांनी कोरा करकरीत लाल ट्रॅक्टर घेतला होता. नवा ट्रॅक्टर घेतलेला माणूस चहा प्यायला दुसऱ्याच्या ओट्यावर येतो, कारण स्वतःच्या ओट्यावर ऐकायला कोणी उरलेलं नसतं.

"गोवर्धनभाऊ," बशीत चहा ओतत ते म्हणाले, "नवरात्रात तिवस्याले मेळावा हाये. ट्रॅक्टरच्या ओढीची शर्यत ठेवली म्हनते. जुन्या गाड्याईले बी घेऊन राहिले. पन तुमचा बुढा काय, पानी काढते तेवढं खूप झालं त्याले."

आमच्या ह्यांचा स्वभाव असा, की कोणी शिवी दिली तर चालते, कीव केली की चालत नाही. जन्मभर जिनात कारकुनी केली. मालकाचं ओरडणं ह्यांनी पावसासारखं अंगावरून जाऊ दिलं. पण 'खूप झालं त्याले' हे शब्द आत गेले. हे उठले, विहिरीपाशी गेले, बुढ्याकडे पाहत उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "माझं बी नाव सांगजा."

शर्यत अशी: दोन ओंडक्यांवर फळ्या ठोकून केलेली घसरगाडी ट्रॅक्टरच्या मागे बांधायची. तिच्यावर रेतीची पोती. वाटेत दोन्ही अंगांनी माणसं उभी. घसरगाडी जवळ आली की एकेकानं वर चढायचं. म्हणजे जितकं पुढे जावं तितकं ओझं वाढणार, आणि जो सगळ्यात लांब जाईल तो जिंकणार. ऐकून मला वाटलं, यात शर्यत ती काय, घरोघरी हेच चालू आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे झेंडू होता. कळी धरू लागली होती, पोळ्यानंतर पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, आणि पाणी देणारा एकच प्राणी घरात होता, त्यालाच हे पैलवान करायला निघाले होते.

पैलवानकीचा वस्ताद अकोल्याहून आला. नत्थुजी फिटर, ह्यांच्या जिनातल्या दिवसांतला मित्र. बरोबर पान्यांची पेटी आणि वळकटी. पेटी पाहून ह्यांना आनंद झाला, वळकटी पाहून मला काळजी वाटली.

नत्थुजीनं बुढ्याच्या पोटाला कान लावला, तंबाखूची चिमूट दाढेत सरकवली आणि निकाल दिला, "बाई, या इंजिनात ताकद हाये. फक्त बाहीर येऊन नाई राहिली."

अशी माणसंही मी पुष्कळ पाहिली आहेत. पण त्यांना कोणी खोलत नाही.

"आता पहा," नत्थुजी म्हणाला, "इंजिनाचं डोकं काढाचं, खालून घासाचं. डोकं जितकं खाली बसन तितकी आतली हवा दाबल्या जाइन, तितका भडका मोठा. मंग ह्या गव्हर्नरचा कान पिरगाळाचा."

"गव्हर्नर म्हणजे?" मी विचारलं.

"इंजिन पळाले लागलं का त्याले आवरते थो. स्प्रिंग असते. ताणून देल्ली का मंग पळू द्या किती पळते तं."

हे पद मला ओळखीचं वाटलं. आमच्या घरात ते माझ्याकडेच होतं, फक्त त्याचं इंग्रजी नाव माहीत नव्हतं.

"अन् झेंडूच्या पाण्याचं?" मी म्हटलं.

"दोन दिवसाचं काम हाये, बाई." नत्थुजी म्हणाला. नत्थुजीचे दिवस कोणत्या पंचांगातले होते कोण जाणे. त्याची वळकटी आमच्या ओट्यावर इतकी रुळली की मांजर तिच्यात व्यायलं.

डोकं निघालं. ते घासण्याचं यंत्र अकोल्यालाच. तेव्हा ते नेणं आलं. लोखंडाला धूळ लागू नये म्हणून ह्यांनी माझं हिरवं लुगडं घेतलं, जुनं पण अजून नेसण्यातलं, आणि त्यात ते नीट गुंडाळलं. बडनेऱ्याहून आगगाडीत बसले. गाठोडं मांडीवर. शेजारच्या बाईनं हात जोडून विचारलं, "देव हायेत का?" हे खरं बोलणारे. म्हणाले, "नाई, डोकं हाये." त्यानंतर अकोल्यापर्यंत ह्यांना पाय पसरून बसायला जागा मिळाली, आणि मूर्तिजापूरला एक पोलीस येऊन गाठोडं सोडून पाहून गेला.

डोकं गुळगुळीत होऊन आलं. लुगडं आलं ते पुन्हा नेसण्यासारखं राहिलं नव्हतं.

मग असं निघालं, की डोकं आणि धड यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो. तो नसला तर सगळी ताकद फटीतून शिट्टी वाजवत निघून जाते. जुना पत्रा काढताना फाटला. नवा अमरावतीला नाही, अकोल्याला नाही. मुंबईला कळवावं तर मुंबईवाले म्हणणार विलायतेला कळवतो, आणि विलायतेत आता ह्या कंपनीला कोण ओळखतं.

नत्थुजी हात धुवायला न्हाणीत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता.

"बाई, तांबं लय चांगलं हाये."

न्हाणीत माझं घंगाळ होतं. अंघोळीच्या पाण्याचं, माहेरचं. लग्नात आईनं दिलेलं, काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी 'वच्छला' असं कोरलेलं. मी नाही म्हटलं. स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा नाही म्हटलं. हे विहिरीपाशी गेले, उघड्या इंजिनावर पोतं टाकून शेजारी बसून राहिले. मागे झेंडूच्या ओळी माना टाकायला लागल्या होत्या. दोन्ही चेहरे मला एकाच वेळी दिसले. मीच घंगाळ उचलून बाहेर नेलं.

नत्थुजीनं ते कापलं, ठोकून सपाट केलं, लाल होईस्तोवर तापवून पाण्यात विझवलं, आणि चार भोकं पाडली. माझं नाव दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाच्या मध्ये आलं. "चांगल्या जागी बसलं," तो म्हणाला.

शेजारच्या केशरबाई हे सगळं भिंतीवरून पाहत होत्या. त्यांना आयुष्यात सगळं भिंतीवरूनच दिसलं आहे, आणि आमच्यापेक्षा जास्त दिसलं आहे.

"पह्यले लुगडं गेलं, मंग घंगाळ गेलं," त्या म्हणाल्या. "वच्छलाबाई, जपून राय वो. तुह्या घरातलं एकेक त्याच्या पोटात जाऊन राहिलं."

या दिवसांत पाणी खुशालराव देत होते. माणूस मनाचा वाईट नाही. स्वतःच्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, देऊन उरेल तेव्हा पाटाचं तोंड आमच्याकडे वळवायचे आणि धुऱ्यावरून विचारायचे, "वयनी, पानी येते ना बराबर? नव्या इंजिनाचं हाये, जराकसं जोरानं येते." मी हो म्हणायची. झेंडूला काही फरक कळत नव्हता. कळत होता तो मला एकटीला. शिवाय ते पाणी निम्म्या ओळींनाच पुरायचं. उरलेल्या ओळींना मी सकाळी जाऊन नुसती तोंड दाखवून यायची, आजाऱ्याला भेटून यावं तशी.

अखेर बुढा चालू झाला. नत्थुजीनं धुराड्याचा डबाही काढून टाकला होता, म्हणजे धूर मोकळा जाईल. धुराबरोबर आवाजही मोकळा गेला. तो रिद्धपूरपर्यंत ऐकू आला असं आमच्या गावात म्हणतात. रिद्धपूरची माणसं नाही म्हणतात, पण ती शांत स्वभावाची आहेत. केशरबाईंची म्हैस त्या दिवशी आटली आणि त्याचा हिशेब अजून माझ्याकडे लावलेला आहे.

परीक्षा म्हणून मागे कडुनिंबाचा एक भला मोठा बुंधा साखळीनं बांधला. हे सीटवर बसले, इंजिनाला जोर देणारा दांडा ओढला. बुंधा हलला नाही. बुढ्याची पुढची चाकं मात्र हळूच जमिनीवरून उठली. आधी मला वाटलं माझ्याच डोळ्यांना काही झालं. मग नाक आणखी वर गेलं, पोळ्याला वाजंत्र्याला बुजलेला बैल उभा राहावा तसं, आणि हे सीटवर पाठीमागे कलंडत चालले. कसे कोण जाणे, ह्यांचा पाय दाबायच्या जागी दाबला गेला. नाक धाडकन खाली आलं, भोपळ्याच्या वेलावर. तीन भोपळे गेले.

नत्थुजीच्या तोंडातली तंबाखू खाली पडली होती. "उलटला असता," एवढंच तो म्हणाला.

"उलटला असता म्हणजे?"

"म्हणजे वर गाडी अन् खाली भाऊ."

मी म्हटलं, झालं तेवढं पुरे, पट्टा चढवा आणि पाणी सोडा. हे धूळ झटकत म्हणाले, "नाव देल्लं हाये वो. आता कसं नाई म्हनू?" पुरुषांनी एकदा कुठे नाव दिलं की ते सोडवून आणायला देवही जात नाही.

"ताकद आली," नत्थुजी म्हणाला, "आता पुढं वजन पायजे."

दोघांची नजर घरात गेली. माझं जातं गेलं. दोन्ही तळ्या. पाटा गेला, वरवंटा गेला, उखळ गेलं. सगळं दोरखंडानं बुढ्याच्या नाकावर बांधलं. केशरबाई भिंतीवरून म्हणाल्या, "आता तू तेवढी राहिली." त्या गमतीनं म्हणाल्या. मी डाळ भरडायला त्यांच्याच घरी गेले.

मेळाव्याच्या दिवशी बाजाराच्या मैदानावर ही गर्दी. मी मुद्दाम गेले होते. माझं अर्धं स्वयंपाकघर तिथं होतं. टेबलामागे सूर्यभान नावाचे कारकून बसले होते. पांढरी टोपी, कानावर पेन्सिल. त्यांनी बुढ्याभोवती फेरी मारली आणि जात्यापाशी थांबले.

"हे काय?"

"वजन हाये, सायेब," हे म्हणाले.

"दोरीनं बांधलेली वस्तू हा यंत्राचा भाग होत नाही. सुटली आणि लोकांत उडाली तर? उतरवा."

नत्थुजीनं वाद घातला. सूर्यभान ऐकत राहिले, आणि ऐकून झाल्यावर म्हणाले, "उतरवा." जातं उतरलं. बाकीचं उतरलं. मैदानाच्या मधोमध माझं स्वयंपाकघर मांडल्यासारखं दिसायला लागलं, फक्त चूल नव्हती.

"राहू द्या भाऊ," खुशालराव पुढे आले. त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. "मी गमतीनं बोललो व्हतो. बुढा उलटाचा."

हे वाक्य त्यांनी मनापासून म्हटलं आणि त्यानंच घात झाला. पुन्हा कीव. हे सीटवर चढून बसले. "बिना वजनाचा ओढतो," म्हणाले. मी नत्थुजीकडे पाहिलं. आल्यापासून हा माणूस झोपेतसुद्धा बोलत होता. आता तो खाली मान घालून पाने पुसत होता. 

मी टेबलापाशी गेले. "तुमच्या नियमात गाडीवर किती माणसं चालतात?"

सूर्यभाननी नियम पाहिला. "चालक एक, मदतनीस एक."

"मदतनिसानं कुठं बसायचं ते दिलंय?"

त्यांनी पुन्हा पाहिलं. पान उलटवलं. "दिलेलं नाही."

"मग मी मदतनीस. आणि मी पुढं बसणार, नाकावर."

"बाई, बायकांचं..." ते म्हणाले आणि थांबले, कारण नियमात तेही दिलेलं नव्हतं. नियमात नसलेल्या गोष्टीला नाही म्हणायचं तर वरच्या साहेबाला विचारावं लागतं, आणि वरचे साहेब जेवायला गेले होते. सूर्यभाननी पेन्सिल कानावरून काढली.

"मदतनिसाला यंत्राची माहिती पाहिजे. गव्हर्नर म्हणजे काय?"

"पळायला लागलं की आवरतो तो."

त्यांनी तसंच लिहून घेतलं. "शिक्षण?"

"घरीच."

"वजन?"

"पुरेसं, असं लिहा."

बुढ्याच्या पुढच्या दांड्यांवर जेवणाचा एक पाट नत्थुजीनं पक्के बोल्ट मारून बसवला. दोरी नाही, सूर्यभाननी हलवून पाहिला. मी कासोटा घट्ट खोचला आणि सगळ्या तिवस्यादेखत बसले. मागे इंजिनाची तापलेली जाळी, मध्ये ओलं पोतं, पुढे मोकळं मैदान. कोणीतरी ओरडलं, "देवीची सवारी निघाली." नवरात्र असल्यामुळे दोन म्हाताऱ्यांनी खरंच हात जोडले. मी तोंड घट्ट मिटून समोर पाहत राहिले. लाज वाटायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ नव्हता.

हे मागून काहीतरी म्हणाले. आवाजात मला ऐकू आलं नाही.

घसरगाडी हलली. वाटेवरची माणसं एकेक करून चढू लागली. ती मला दिसत नव्हती, पण प्रत्येकाचा पाय फळीवर पडला की पाटाखालून कळत होतं. थोडं पुढे गेलो आणि मी वर जायला लागले. चाकं जमिनीपासून वीतभर सुटली. मी पाट धरला, पोटात श्वास धरला आणि मनात म्हटलं, अरे घंगाळा, सांभाळ. आणि काय आश्चर्य, आम्ही अलगद खाली आलो. लेकराला खाली ठेवावं तसे. पुन्हा माणूस चढला, पुन्हा नाक उठलं, पुन्हा अलगद खाली. परवाच भोपळे चिरडणाऱ्या बुढ्याला एकाएकी एवढी समज कुठून आली, ते मला कळेना.

बुढा गेला, बरंच गेला. पाठ भाजत होती, कान बधिर झाले होते. वाटेच्या टोकाशी एकच माणूस उभा होता: खुशालराव. त्यांची पाळी आमच्या आधीच होऊन गेली होती, आणि आता माणसं कमी पडली म्हणून त्यांनाच उभं केलं होतं. खुशालराव अंगानं भरलेले. ते थोडे घुटमळले, मग चढले. बुढ्यानं एक दीर्घ सुस्कारा टाकला आणि उभा राहिला. तुटला नाही, उलटला नाही, बंदही पडला नाही. नुसता उभा राहिला आणि धडधडत राहिला, आता पुरे म्हणून.

लाल ट्रॅक्टर आमच्यापुढे गेला होता तो एवढाच, एका खुशालरावाएवढा.

जुन्या यंत्रांच्या गटात आमचा पहिला नंबर आला. त्या गटात आम्ही एकटेच होतो, हे सूर्यभाननी माईकवर दोनदा सांगितलं. बक्षीस शाल आणि नारळ. एकच जोड होती, तेव्हा त्यांनी नियमानं वाटणी केली: चालकाला शाल, मदतनिसाला नारळ.

"वयनी," खुशालराव जवळ येऊन म्हणाले, "मी चढाले नाई पायजे होतो."

"चढले ते बरं झालं," मी म्हटलं. "नाहीतर हे थांबले नसते."

घरी आल्यावर मी चहा ठेवला नाही. आधी पट्टा चढवायला लावला. पंपानं दोन कोरडे ढेकर दिले. नत्थुजी, हे, भिंतीवरून केशरबाई, सगळे पाटाच्या तोंडाकडे पाहत. मग पाणी आलं. पाटातून वळलं, वाळलेल्या मातीवर आधी फेस धरला आणि झेंडूच्या पहिल्या ओळीत शिरलं. मी पाटाच्या काठावर बसून ते शेवटच्या ओळीपर्यंत जाताना पाहिलं. तेव्हा कुठे माझी पाठ दुखायला लागली.

नत्थुजीनं वळकटी उचलली. मांजरीनं पिल्लं तोवर पान्यांच्या पेटीत हलवली होती. त्यातलं एक तो अकोल्याला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी पाहते तर हे इंजिनापाशी वाकून ताणलेली स्प्रिंग सैल करत होते. "काहून?" मी विचारलं.

"बराबर हाये ते जसं होतं तसं." मान वर न करता हे म्हणाले. "काल मले समोरचं काई दिसून नोतं राहिलं. नुसता तुहा अंबाडा दिसे. तो वर गेला का मी दांडा कमी करो. अंबाडा खाली आला का मंग पुढं." पाना खाली ठेवून म्हणाले, "लय भेव वाटलं वो."

मी पोतं झटकायला घेतलं. झटकण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दसऱ्याला झेंडू अमरावतीला गेला. थोडा उशिरा फुललेला, जरा लहान, पण गेला. नारळ बुढ्यापुढे फोडा असं केशरबाई म्हणत होत्या; मला त्याच्या डोक्याची काळजी, म्हणून मी तो पायरीवर फोडला आणि चटणी केली. पाटा जागेवर आला होता. जातंही आलं, त्याला ग्रीसचा वास अजून येतो, पण डाळ बरी निघते.

अंघोळीला मी आता पत्र्याचा डबा घेते. ह्यांनी नवं घंगाळ आणू का म्हणून विचारलं होतं. मी नको म्हटलं. सकाळी बुढा खोकत खोकत चालू होतो, पाटाला पाणी लागतं, आणि त्याच्या पोटात, दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाच्या मध्ये, आईनं कोरून घेतलेलं माझं नाव तापत असतं. घंगाळाचं काम पाणी देणं. ते देतच आहे.